दिसला का?

वन्यप्राणी उद्यानात दिवसभर एकच प्रश्न फिरत असतो. परत येणारी माणसं समोर दिसली की पुढे निघालेली माणसं विचारतात, ‘दिसला का?’ कोण, ते सांगावं लागत नाही. हरणं आपण पाहतो, हत्ती आपण पाहतो. वाघ मात्र दिसतो किंवा दिसत नाही. तिकीट आपण काढलेलं असलं तरी क्रियापद त्याच्या ताब्यात.

मुलांना हे मान्य होणं कठीण. पुस्तकातला सिंह पान उलटलं की आयाळ पिंजारून हजर असतो. इथला झाडाखाली चारी पाय पसरून पडलेला, कानावरची माशीसुद्धा हाकलत नाही. ‘मेलाय का तो?’ हा प्रश्न ठरलेला, आणि त्याला ‘नाही रे, झोपलाय’ एवढं उत्तर पुरत नाही. सिंह दिवसाचे १६ ते २० तास पडून काढतो. एकदा पोटभर मांस खाल्लं की पुढची घाई नसते, आणि उन्हात धावणं त्याला परवडत नाही. गवत खाणाऱ्याला ही चैन नाही. हत्तीला दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, त्यामुळे त्याचा बहुतेक वेळ चरण्यातच जातो. म्हणून हत्ती कधीही जा, काहीतरी करताना दिसतो. लहान मुलं बरोबर असतील तर मोठ्या मांजरांवर भिस्त ठेवू नये, चरणाऱ्यांवर ठेवावी.

तरीही वाघ हवाच असेल तर घड्याळ त्याचं लावायचं. उद्यान उघडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास. सकाळी तो रात्रीच्या खोलीतून नुकताच मोकळ्या आवारात आलेला असतो आणि आपल्या हद्दीची फेरी मारतो: खोडं हुंगतो, नखं घासतो, लघवीचा फवारा मारतो. या फवाऱ्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. वाघ किंवा सिंह जाळीकडे पाठ करून शेपूट ताठ वर उचलतो तेव्हा फोटोसाठी पुढे सरकू नये, मुलाला घेऊन बाजूला व्हावं. धार मागच्या दिशेने येते आणि चांगली लांब येते. वाघाच्या या फवाऱ्यात सुवासिक तांदळाला गंध देणारं रसायन असतं म्हणतात ते खरं आहे, पण बाकीची रसायनं त्याला वर येऊ देत नाहीत. शर्टावर आली तर खात्री पटते.

दुपारी बारा ते तीन या वेळेत मोठ्या प्राण्यांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. ती वेळ सर्पालयाची, मत्स्यालयाची, अंधाऱ्या दालनातल्या निशाचरांची आणि झाडाखाली बसून खाऊ खाण्याची. मगर तेव्हा काठावर जबडा उघडून पडलेली असते. ती रागावलेली नसते, तापलेलं अंग निववत असते. दहा मिनिटं ती तशीच राहते आणि निम्मी मुलं ‘ही प्लास्टिकची आहे’ असा निकाल देऊन मोकळी होतात. पाणघोड्याच्या तळ्यावर गडबड करणारे हमखास फसतात. नुसतं गढूळ पाणी बघून लोक पुढे जातात. पण तो पाण्याखाली चार-पाच मिनिटांच्या वर सहसा राहत नाही. मुलाच्या हातात घड्याळ द्यावं आणि मिनिटं मोजायला सांगावीत. आधी नाकपुड्या उघडतात, ‘फुस्स’ होतं, मग कान गरगर फिरतात. मोजून वाट पाहिलेल्या पोराला तो पाणघोडा स्वतः बोलावल्यासारखा वाटतो.

चालण्याचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. फाटकातून आत शिरल्यावर पहिल्याच माकडांपाशी अर्धा तास जातो, आणि सगळ्यात दूरचं आवार गाठेपर्यंत पोर कडेवर आलेलं असतं. उलट करावं. नकाशावर सर्वांत लांबचा आणि सर्वांत हवासा प्राणी शोधावा, सकाळच्या ताज्या पायांनी तडक तिकडे जावं आणि बघत बघत फाटकाकडे परत यावं. दमणूक वाढत जाते तशी बाहेरची वाट जवळ येत जाते. शिवाय गर्दी समोरून येते, मागून रेटत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचे दोन-अडीच तास खरे. त्यानंतर जिराफही त्याला खांबासारखाच वाटायला लागतो. चार-पाच प्राणी नीट पाहणं खूप झालं. ‘पैसे दिलेत तर सगळं बघून घेऊ’ या हिशोबाने निघालेली घरं दुपारी ओळखू येतात: बाबा पुढे, आई मध्ये, पोरं मागे रस्त्यात बसलेली.

जिराफ निवडाच त्या चार-पाचांत. त्याची जांभळट काळी, हातभर लांब जीभ सगळे दाखवतात. त्याच्या मानेत आपल्या मानेइतकेच सात मणके असतात, हेही फलकावर लिहिलेलं असतं. खरी गंमत जिराफ खायचा थांबल्यावर सुरू होते. तो रवंथ करतो. बाजूने उभं राहून मानेच्या तळाशी नजर लावायची. एक गोळा कातडीखालून वर सरकताना दिसतो, लिफ्टसारखा, सरळ जबड्यापर्यंत. मग जबडा आडवा हलत राहतो, डोळे अर्धे मिटतात. थोड्या वेळाने चावणं थांबतं, गोळा उतरतो. क्षणभर काहीच नाही. आणि पुढचा गोळा निघतो. एकदा कळलं की मूल पुढच्या गोळ्यासाठी तिथून हलत नाही. या खेळाला अट एकच, दहा मिनिटं एका जागी उभं राहण्याची, आणि ती मोठ्यांना जास्त जड जाते.

तीच गोष्ट हत्तीच्या शेणाची. आई-वडील तोंड फिरवतात, मुलं मात्र नेमकं तिथेच बघतात, आणि बघण्यासारखं तिथे खरंच असतं. हत्ती खाल्लेल्यातलं निम्मंही पचवत नाही, त्यामुळे त्या मोठाल्या गोळ्यांत काड्या, साली, बिया जशाच्या तशा दिसतात. जंगलात झाडं अशीच गावोगाव फिरतात, हे सांगायला याहून चांगली जागा नाही.

आता थोडं उंचीबद्दल. कठडा मोठ्यांच्या मापाचा असतो. आपल्याला पूर्ण आवार दिसतं तेव्हा मुलाच्या नाकासमोर बरोबर आडवी सळई असते. एकदा खाली बसून त्याच्या उंचीवरून पाहावं, तक्रार का चालली आहे ते कळतं. यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे मुलाला कठड्यावर बसवणं, आणि दिवसभरातली सर्वांत धोक्याची चूक तीच. गजांऐवजी खंदकाने प्राणी अडवण्याची पद्धत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हाम्बुर्गजवळच्या आपल्या उद्यानात रुजवली. खंदकाचं माप प्राण्याच्या उडीवरून ठरतं. वरून घसरणाऱ्या पोराचा विचार कठड्याने करायचा असतो, आणि नेमक्या त्या कठड्यावरच आपण त्याला चढवतो. कडेवर घ्यावं, एक पाऊल मागे राहून. काचेची खिडकी असेल तर उत्तमच. काचेवर ठोकू मात्र नये, आतल्या प्राण्याला ते दिवसभर ऐकावं लागतं. फोटो काढताना लेन्स काचेला टेकवली आणि फ्लॅश बंद केला की आपलंच प्रतिबिंब येत नाही. टोपी खाली पडली तर पडली, कर्मचाऱ्याला सांगावं.

माकडांपुढे मुलं दात काढून हसतात आणि डोळ्यांत डोळे घालून बघतात. अनेक जातींच्या माकडांत रोखून बघणं ही धमकी असते आणि दात दाखवणं ही भीती. म्हणजे आपलं पोर एकाच वेळी दम देतंय आणि घाबरतंय. माकडाचा गोंधळ होणारच.

स्वतःच्या गाडीतून फिरायची सोय असेल तिथे दुहेरी फाटक असतं: मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. त्याआधी तीन कामं उरकायची. सगळ्यांना स्वच्छतागृहात नेणं, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावणं आणि काचा ड्रायव्हरकडून बंद ठेवणं. तासभर पहिल्या गिअरमध्ये एसी लावून रांगत राहिलं की जुन्या गाडीचं इंजिन तापतं; काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर लावावा. उकडतं, पण इंजिनची उष्णता तिकडून निघते. गाडी बंदच पडली तर आतच बसून हॉर्न वाजवायचा, ढकलायला उतरायचं नाही. माकडं असतील तर वायपरची रबरं गेली असंच धरून चालावं.

शेळ्या-सशांना हात लावू देतात त्या कोपऱ्यातून निघताना हात साबणाने धुवायचे, खाऊच्या आधी. सॅनिटायझर मळलेल्या हातांवर नीट चालत नाही. सकाळी फाटकाशीच मुलांचा एक फोटो काढून ठेवावा, आजच्या कपड्यांतला. हरवलं तर ‘निळा शर्ट की हिरवा’ यावर वाद होत नाही. मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहावा. घामाने पुसट होतो, दुपारी पुन्हा गिरवावा.

शेवटचा तास पुन्हा वाघापाशी काढावा. अनेक ठिकाणी मांस संध्याकाळी, आतल्या खोलीत देतात. आत यावं म्हणूनच. त्यामुळे दुपारभर दगडासारखा पडलेला वाघ आता मागच्या भिंतीतल्या लहान लोखंडी दाराशी येरझाऱ्या घालतो. वाटेत पाण्यात उतरतो, बाहेर येतो, पुन्हा दारापाशी जातो. आतून कडीचा आवाज होतो. आपल्या कानावर येण्याआधी त्याचे कान वळलेले असतात. दार सरकतं, पट्टे आत जातात, दार बंद होतं. आवार मोकळं.

तेवढ्यात एक कुटुंब धापा टाकत येतं. ‘दिसला का?’ सिमेंटवर ओल्या पंजांची रांग दारापर्यंत गेलेली असते आणि ती टोकाकडून वाळत असते.