अंतर वजा केल्यावर उरणारे समुदाय

सामाजिक नेटवर्कमधील समुदाय, म्हणजे आपसांत दाट जोडलेले गट, शोधताना माणसांच्या ठावठिकाण्याचा उपयोग कसा होतो, हे मला स्वतः करून पाहायचे होते. त्यासाठी मी संशोधकांना खुला असलेला गोवाला या आता बंद पडलेल्या, ठिकाणांवर आधारित सोशल नेटवर्कचा डेटा घेतला. त्यात १,९६,५९१ वापरकर्ते, त्यांच्यातील मैत्रीचे ९,५०,३२७ दुवे आणि फेब्रुवारी २००९ ते ऑक्टोबर २०१० या काळातील सुमारे ६४ लाख चेक-इन, म्हणजे 'मी इथे आहे' अशा ठिकाणासह केलेल्या नोंदी, आहेत.

खरा वेळ खाल्ला तो वापरकर्ता राहतो कुठे, या साध्या प्रश्नाने. सर्व चेक-इनच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढली, तर दोन किनाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या माणसाचे घर थेट समुद्रात येते. म्हणून पृथ्वीचे सुमारे २५ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून, ज्या चौकोनात सर्वाधिक चेक-इन आहेत तेवढ्यातलीच सरासरी घेण्याची रूढ पद्धत मी स्वीकारली. चौकोन पाडतानाही सावध राहावे लागते, कारण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरचा असतो आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्माच उरतो. ज्यांचे चेक-इनच नव्हते, त्यांना वगळले.

त्यानंतर नेटवर्कमधले समुदाय शोधणारा लायडन अल्गोरिदम चालवला. त्याच्या आधीचा, २००८ चा लुव्हेन अल्गोरिदम वेगवान आहे, पण त्याचे काही समुदाय आतून तुटलेले निघू शकतात. २०१९ च्या लायडनने तो दोष दूर केला. मिळालेले गट नकाशावर रंगवले, तर बहुतेक मोठे गट एकेका शहराभोवती किंवा प्रदेशाभोवती गोळा झालेले दिसले. जवळच्या माणसांशी मैत्री अधिक होते, हे सांगायला एवढ्या गणिताची गरज नव्हती.

अडचण मॉड्युलॅरिटीच्या, म्हणजे विभागणी किती चांगली हे अल्गोरिदम ज्या मापाने ठरवतो त्याच्या, व्याख्येत होती. प्रत्यक्ष दुव्यांची तुलना ती ज्या अपेक्षित दुव्यांशी करते, ते केवळ प्रत्येकाच्या मित्रसंख्येवरून ठरतात. अंतराचा तिला पत्ताच नसतो. २०११ मध्ये एक्सपर्ट, इव्हान्स, ब्लोंडेल आणि लॅम्बियोट यांनी सुचवलेल्या बदलात अपेक्षा अंतरावरूनही ठरते: तेवढ्या अंतरावरील जोड्यांमध्ये एरवी किती दुवे आढळतात हे डेटावरूनच मोजायचे आणि त्याहून अधिक दुवे असतील तरच ते समुदायाचे लक्षण मानायचे. त्यांनी बेल्जियममधील मोबाइल कॉलच्या नेटवर्कवर ही पद्धत वापरली, तेव्हा अंतराआड दडलेली तिथली भाषिक विभागणी ठळक झाली होती.

कागदावर हे सोपे वाटते. मात्र एवढ्या वापरकर्त्यांच्या सर्व जोड्या शेकडो कोटी होतात, त्यामुळे व्यक्तींऐवजी चौकोनांच्या जोड्यांवर अंतरांची वर्गवारी करून मी काम आटोक्यात आणले. चौकोनात किती माणसे आहेत, हे त्याचे वजन ठरवले. दूरच्या अंतरांवर दुवे इतके विरळ होतात की तिथे अंतराचे रुंद टप्पे घेतल्याशिवाय आकडे स्थिरावत नाहीत. या पद्धतीतले सर्वांत नाजूक ठिकाण मला हेच वाटते.

नव्या निकालात शहरांचे मोठे ठिपके फुटले आणि दूरदूरच्या चौकोनांना बांधणारे लहान गट वर आले. ते खरे की योगायोगाचे, हे पडताळायला तयार उत्तरपत्रिका नव्हती. म्हणून यादृच्छिक सुरुवात बदलत अल्गोरिदम पुन्हा पुन्हा चालवला आणि बहुतेक वेळा एकत्र राहिलेल्या जोड्याच ग्राह्य धरल्या. मैत्रीच्या यादीशेजारी चेक-इन ठेवले की अनोळखी माणसाचे घर किती सहज सापडते, हे पाहून मी बिचकलोच. साठवलेल्या फायलींमध्ये म्हणूनच केवळ चौकोनांचे क्रमांक ठेवले आहेत.