अकराचा ताळा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, तालमीची मंडळं, श्रद्धांजली यांवर वर्ष निघतं. त्यामुळे एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं मॅटर आलं तेव्हा मला गंमतच वाटली. सहा बाय चारचा फ्लेक्स, ना कुणाचा फोटो ना शुभेच्छुकांची यादी. मधोमध ‘२ चा ६७ वा घात वजा १’ ही २१ अंकी संख्या आणि खाली तिचे दोन अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

चिठ्ठीवरून टाइप केलं, तीनदा नजर फिरवली. मशीनला लावायच्या आधी म्हटलं, एक्सेलमध्ये गुणून बघूया. उत्तर आलं १४७५७३९५२५८९६७६००००००.

“सर, चिठ्ठीतच चूक दिसतीया.”

सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले होते. चष्मा वर सरकवून ते स्क्रीनपाशी आले आणि हसले.

“लेका, दोनाचा घात म्हणजे सम. त्यातनं एक गेला की विषम. शेवटी शून्य येईलच कसं?”

एक्सेल पहिले पंधरा अंकच धरतं आणि पुढं शून्यं भरतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याच्यावर बिलं काढतोय!

गुणाकार पडताळायला सरांनी पत्रिकेच्या रद्दी कागदावर नवाचा ताळा मांडला. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करत गेलं की प्रत्येकाचा शेवटी १ उरतो, एके एक एक, आणि माझ्या मोठ्या संख्येचाही १. मी खूश. सर नव्हते. “आकड्यांची अदलाबदल झाली तर नवाला पत्ता लागत नाही. बेरीज तीच राहती.” मग अकराचा ताळा: उजवीकडून एक सोडून एक अंक मिळवायचे, उरलेल्यांची बेरीज त्यातून वजा करायची, अकरानं भागून बाकी बघायची. अवयवांची बाकी ९ आणि ८. नऊ आठे बहात्तर, अकरानं भागून बाकी ६. गुणाकाराचीही तीच यायला हवी. माझ्या संख्येची बेरीज ५६ आणि ५३. बाकी ३.

“चूक आहे.”

“कुठं?”

“ते ताळा सांगत न्हाई.”

आणि मग त्यांनी ह्याच संख्येची हकिकत काढली. फ्रान्सच्या मर्सेन नावाच्या गणितज्ञानं १६४४ मध्ये ही मूळ संख्या म्हणून यादीत घातली. १८७६ मध्ये ल्युका नावाच्या गणितज्ञानं दाखवलं की ती मूळ नाही, पण अवयव त्याच्याही हाती नव्हते. अवयव आहेत हे नक्की, कोणते ते माहीत नाही! ते १९०३ मध्ये कोल नावाच्या गणितज्ञानं जाहीर केले. सांगतात की अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत तो उठला, फळ्यावर एकीकडे घात मांडला, दुसरीकडे गुणाकार केला, दोन्ही उत्तरं जुळली आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला.

“तुझं ल्युकापर्यंत आलंय,” सर म्हणाले. मला त्या वेळी हसू आलं नाही. शाळेचा शिपाई फ्लेक्स न्यायला तासाभरात येणार होता.

गुणाकाराचे शेवटचे चार अंक अवयवांच्या शेवटच्या चार अंकांवरच ठरतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा शाळेतलं आठवलं. ७७२१ गुणिले ७२८७. मी मोबाइलवर मारलं: ५६२६२९२७. म्हणजे शेवट २९२७ हवा. माझ्या फ्लेक्सवर ९२२७ होतं. २ आणि ९ नं जागा बदलल्या होत्या आणि तीनदा बघूनही मला दिसलं नव्हतं. दुरुस्त संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. अकराचा ताळा पुन्हा केला, मीच केला. ६३ वजा ४६, सतरा. बाकी ६.

फ्लेक्स मशीनला लागला. सरांनी स्टूल ओढून घेतलं आणि मुंजीची पत्रिका पुढं केली.

“आता ह्यातला मोबाइल नंबर मोठ्यानं वाच. त्याला कुठलाच ताळा चालत न्हाई.”