गटारीच्या पहाटे मी कुत्र्यामागं धावले त्याची गोष्ट

2017 ची गटारी. त्या वर्षी अमावास्या नेमकी रविवारी आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, म्हणजे मटणाच्या दुकानांपुढं काय रांगा लागणार हे वेगळं सांगायला नको. मी तेव्हा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात होते आणि नगरपालिकेच्या कत्तलखान्याचा ॲडिशनल चार्ज माझ्याकडं होता. ॲडिशनल चार्ज म्हणजे पगार तेवढाच, फक्त पहाटे चारला उठायचं.

कत्तलखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. ओढ्याकाठी पत्र्याची शेड, खाली फरशी, दोन नळ त्यातला एक चालू, आणि हुक लावलेला एक लांब पाइप. बस. केंद्राच्या 2001 च्या नियमात लिहिलंय की डॉक्टरनं तासाला 12 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत आणि दिवसाला 96 च्या वर जायचं नाही, गाभण जनावर कापू द्यायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं तर नाहीच. नियम चांगलाय, मी कधीच नावं ठेवणार नाही. पण त्या दिवशी साडेचारला पावसात साठेक बोकडं दाव्याला उभी, सहाला दुकानं उघडायची आणि डॉक्टर म्हणाल तर मी एकटी, आता 12 च्या हिशोबानं शेवटच्या बोकडाचा नंबर साडेनऊला लागला असता आणि तोवर गिऱ्हाइकांनी खाटकालाच हुकावर टांगलं असतं.

तरी बघत होते. डोळे, नाक, चाल, मागची बाजू. मुलाणीचाचा हलाल करून पुढं सरकायचे, खाटीक मामा आणि त्यांचा पोरगा सोलायचे, आणि मी प्रत्येकाचं फुप्फुस आणि काळीज, म्हणजे लिव्हर, हातात घेऊन दाबून बघायचे, मग शिक्का. पंधरा-सोळावा बोकड असेल, फुप्फुस हातात घेतलं आणि लिंबाएवढे पांढरट फुगे लागले, तीन-चार, दाबलं की आत पाणी हलतंय. काळजातही दोन.

मामा शांतपणे म्हणाले, "असले फुगे नेहमीचेच मॅडम. तेवढं कापून टाकतो, बाकी कलेजी झकास आहे."

मी म्हटलं मामा, बोकड चांगलाय, मटणाला शिक्का देते, पण काळीज आणि फुप्फुस पूर्ण बाद. गटारीला कलेजी बाद म्हणजे काय ते दुकानदारालाच विचारा, लोकांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेली असते. मामा थोडे कुरकुरले पण काढून घमेल्यात टाकलं. मला वाटलं झालं. मी पुढच्या बोकडाकडं वळले तर पोरानं घमेलं उचललं आणि सवयीनं मागच्या भिंतीवरून ओढ्याकडं उपडं केलं. तिथं पाच-सहा कुत्री रोज ठरलेल्या वेळेला बसलेली असतात, रेशनच्या रांगेसारखी.

मी गमबूट, रेनकोट, हातात ग्लोव्हज अशी ओरडत बाहेर पळाले. काळीज मिळालं, अर्धं फुप्फुस मिळालं, उरलेलं अर्धं एका तांबड्या कुत्र्यानं तोंडात धरलं आणि बाभळीत गायब. मी चिखलात दोनदा आपटले. आतून सगळे खाटीक बघत होते की मॅडमला नक्की झालंय काय.

झालं होतं ते असं. त्या फुग्यात पट्टकृमीची पिल्लं असतात, बारीक रेतीच्या कणांसारखी. कुत्र्यानं ते खाल्लं की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात, लहान पोरांच्या हाताला. शेळीनं ते गवत खाल्लं की पुन्हा फुगे, आणि माणसाच्या पोटात अंडी गेली तर त्याच्या लिव्हरला किंवा फुप्फुसात तीच पाण्याची गाठ, ती बरीच वर्षं कळत नाही आणि मग बऱ्याचदा ऑपरेशन. मटण खाऊन हे होत नाही, हे मी मामांना तीनदा सांगितलं कारण त्यांचा चेहरा पडला होता. होतं ते कुत्र्यामार्फत. आणि कुत्र्याला ते रोज पहाटे आम्हीच वाढत होतो.

मला राग कशाचा आला सांगू का, महिन्यापूर्वीच शेडचं इन्स्पेक्शन झालं होतं. फरशी तडकलीय, जाळी नाही, ॲप्रन नाही, खाटकांचे मेडिकल सर्टिफिकेट, बोर्डवरचा नंबर, सगळं लिहिलं होतं. बाद केलेलं काळीज जातं कुठं, हा एक प्रश्न कागदावर नव्हता. आणि मामा निदान शेडवर येतात तरी. गावात निम्मे लोक दुकानामागंच कापतात. अन्न सुरक्षेच्या कायद्यात तेव्हा दिवसाला 10 शेळ्यामेंढ्यांपर्यंत साधं रजिस्ट्रेशन, वर्षाला 100 रुपये, 14 आकडी नंबर फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावला की झालं. तर 2001 चा नियम म्हणतो पालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कापायचंच नाही. दोन्ही वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. दुकानामागं काळीज दाबून बघायला कोणी जात नाही आणि शेडवर येणाऱ्या मामांची कलेजी मात्र बाद होते. मामा हे मला बोलले नाहीत पण बोलले असते तर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तांबडा कुत्रा तिसऱ्या दिवशी सापडला, प्राझिक्वांटेलची गोळी पावात घालून दिली. बाकीच्यांनाही दिल्या. पालिकेला झाकणाच्या पक्क्या खड्ड्यासाठी पत्र दिलं, उत्तर आलं की तीन कोटेशन जोडा. श्रावणात शेडवर काम कमीच असतं, तेवढ्यात मामांनीच दोन गडी लावून पुरुषभर खड्डा काढला, वर जुन्या टपरीचा पत्रा, शेजारी चुन्याचं पोतं. काळीज बाद झालं की पोरगा आता न सांगता तिकडं जातो.

कुत्री दोन-तीन दिवस खड्ड्याभोवती बसली. आता ती चिकनवाल्याच्या दुकानामागं बसतात.