गर्दीच्या दिवसांत म्हैसूरचा राजवाडा पाहताना

शाळांना दसऱ्याची सुट्टी लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेक घरांत म्हैसूरला जाण्याचे बेत शिजू लागतात. कर्नाटकातील शाळांची ऑक्टोबरची सुट्टी आणि म्हैसूरचा दसरा एकाच सुमारास येतात, त्यामुळे आपल्याला सवड मिळते ती नेमकी राजवाड्यात पाऊल ठेवायलाही जागा नसते तेव्हाच. डिसेंबरात शालेय सहली आणि नाताळची सुट्टी एकत्र आल्याने पुन्हा तीच स्थिती होते. शिवाय ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येऊ लागल्यामुळे एरवी घरातून न निघणाऱ्या आजी, मावशी, आत्या यांचेही म्हैसूर पाहणे होऊ लागले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे; मात्र राजवाड्याचे जिने आणि ओवऱ्या शंभर वर्षांपूर्वी जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत.

आमच्या नात्यागोत्यातील मंडळींना घेऊन मी हा राजवाडा पाहिलेला आहे, आणि परतीच्या बसमध्ये ‘काय आवडले?’ असे विचारले असता पुष्कळांना ‘सगळेच छान होते’ यापलीकडे काही सांगता येत नाही, असाही अनुभव घेतलेला आहे. यात त्यांचा दोष नाही. राजवाड्याच्या आत पाहणाऱ्यांसाठी कठडे लावून एकेरी वाट आखलेली आहे. मागून लोक सरकत असतात, सुरक्षारक्षक ‘मुंदे होगी’ (पुढे चला) म्हणत असतात आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या दालनात परतणे जवळपास अशक्य असते. चालण्याचा वेग आपल्या हाती नसतो. आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात : आत केव्हा शिरायचे आणि कोठे थांबायचे. त्या दोन्ही घरून निघण्यापूर्वी ठरवाव्या लागतात.

वेळेचा विचार आधी करू. बेळगावहून म्हैसूर पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे बहुतेक मंडळी शनिवारी रात्री निघतात, रविवारी सकाळी पोहोचतात, अंघोळ आणि नाश्ता आटोपून अकराच्या सुमारास राजवाड्याच्या रांगेत उभी राहतात आणि रात्रीची रोषणाई पाहून परतीची गाडी धरतात. रविवारी रोषणाई असतेच, म्हणून एका दिवसात दोन्ही साधावे हा विचार वरवर योग्य वाटतो. पण तो सगळ्यांनाच सुचत असल्यामुळे रविवारी अकरा ते तीन ही वेळ सर्वांत वाईट ठरते. माझा आग्रह असा, की रविवारी संध्याकाळी केवळ रोषणाई पाहावी आणि आतील राजवाडा सोमवारसाठी राखून ठेवावा. रविवारचा दिवस श्रीरंगपट्टणाला द्यावा. ते म्हैसूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे आणि तेथील किल्ला, रंगनाथस्वामींचे मंदिर व टिपू सुलतानाचा दर्या दौलत महाल पाहण्यात दिवस सहज जातो. राजवाडा सकाळी दहाला उघडतो आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतो. सोमवारी साडेनऊलाच दक्षिणेकडील वराह दरवाजापाशी पोहोचले, तर पहिल्या लोंढ्याच्या पुढे राहता येते आणि पहिली दोन दालने तरी मोकळ्या मनाने पाहता येतात. एका मुक्कामाचा खर्च वाढतो हे खरे, परंतु एवढा लांबचा प्रवास करून माणसांच्या पाठी पाहण्यापेक्षा तो मला परवडतो.

नवरात्रातच जायचे असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दिवसांत राजघराण्याचे खासगी विधी राजवाड्यात होतात. खासगी दरबार, आयुधपूजा आणि विजयादशमीची मिरवणूक यांच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. उलट वर्षभर सुटे करून ठेवलेले सुवर्णसिंहासन याच दिवसांत जोडून दर्शनासाठी मांडतात, त्यामुळे सिंहासन पाहण्याची इच्छा असणाऱ्याला गर्दी सोसण्यावाचून गत्यंतर नाही. मिरवणूक आणि राजवाड्याचे अंतरंग या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये.

आता चपलांविषयी, कारण सर्वाधिक खोळंबा तेथेच होतो. आत अनवाणी जावे लागते. दहा माणसांच्या घोळक्यात प्रत्येकाने स्वतंत्रपणे चपला दिल्या, तर परतताना दहा टोकन शोधण्यात अर्धा तास जातो. म्हणून घरूनच एक मोठी कापडी पिशवी न्यावी, सर्वांच्या चपला तीत भरून एकाच माणसाने जमा कराव्यात आणि टोकन त्याच्याच खिशात राहू द्यावे. बाहेर पडल्यावर चपलांच्या ठिकाणापर्यंत उघड्या आवारातून चालावे लागते आणि दुपारच्या उन्हात तेथील फरशी चांगलीच तापते. वयस्कर मंडळींनी पायमोजे जवळ बाळगावेत. घोळका फुटला तर कोठे भेटायचे हेही आत शिरण्यापूर्वीच ठरवावे, आणि ते ठिकाण बाहेरचे असावे, कारण आत कोणासाठी थांबून राहता येत नाही. लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पाणी पिणे, स्वच्छतागृहाला जाऊन येणे ही कामे तिकीट काढण्यापूर्वीच उरकलेली बरी.

राजवाड्याचा इतिहास थोडा तरी ठाऊक असला, तर कोठे थांबावे हे आपोआप कळते. येथील जुना राजवाडा प्रामुख्याने लाकडी होता. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहाच्या वेळी त्याला आग लागून तो जळाला. त्या वेळी गादीवर असलेले चौथे कृष्णराज वडेयर अल्पवयीन होते आणि राज्यकारभार त्यांच्या मातोश्री, महाराणी केंपनंजम्मण्णी, पाहत होत्या. त्यांनी नव्या राजवाड्याचे काम हेन्री आयर्विन या वास्तुरचनाकाराकडे सोपवले. सिमल्याचे व्हाइसरॉयांचे निवासस्थान बांधणारे ते हेच. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीवर त्या काळचे सुमारे ४२ लाख रुपये खर्च झाले. एकदा आगीत सर्वस्व गेलेल्या घराण्याने दुसऱ्यांदा घर बांधताना कशाची भीती बाळगली असेल, हे मनात ठेवून आत हिंडावे. बाहेरचा करडा ग्रॅनाइट, आतले ओतीव लोखंडाचे खांब, वीटकाम आणि काच यांचा एवढा वापर का झाला, याचे उत्तर त्यातच आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिलेला असतो. १८७७ ते १८८४ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार उभा राहिलेला तो काळ्या दगडाचा राजवाडा आणि म्हैसूरचा हा राजवाडा एकाच घडणीचे, म्हणजे हिंदू, मुस्लिम आणि युरोपीय वळणांची सरमिसळ करणारे आहेत. कोल्हापूर पुन्हा एकदा, मोठ्या वयात पाहून मग म्हैसूरला गेल्यास नजर तयार झालेली असते, असे मला वाटते. बेळगावहून एकशे दहा किलोमीटरवरचे कोल्हापूर आपल्याला अवघडही नाही.

आत शिरल्यावर प्रथम गोंबे तोट्टी, म्हणजे बाहुल्यांचे दालन, लागते. नवरात्रात बाहुल्या मांडण्याची म्हैसूरची जी प्रथा आहे, तिच्याशी या दालनाचे नाव निगडित आहे. येथेच सोन्याची अंबारी ठेवलेली असते. विजयादशमीला हत्तीच्या पाठीवरून चामुंडेश्वरीची मूर्ती मिरवते ती याच अंबारीतून. तिचे वजन सुमारे ७५० किलो असून लाकडी सांगाड्यावर सोन्याचा पत्रा मढवलेला आहे. सर्व लोक तिच्यासमोर थबकतात आणि तेथेच पहिली कोंडी होते. अंबारी पाहावी, परंतु येथे शक्ती खर्च करू नये, कारण काचेपलीकडची ती वस्तू दोन मिनिटांत जेवढी दिसते, तेवढीच दहा मिनिटांतही दिसते.

थांबायचे ते कल्याण मंटपात. विवाहसमारंभांसाठी बांधलेल्या या अष्टकोनी दालनाचे छत रंगीत काचांचे असून त्यावर मोरांची नक्षी आहे. ही नक्षी म्हैसूरच्या कलावंतांनी कल्पिली आणि प्रत्यक्ष काचकाम व लोखंडी खांब मात्र स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे तयार होऊन जहाजाने आले. ज्या घराण्याचा वाडा लग्नाच्या दिवशी जळाला, त्याने लग्नाचे नवे दालन लोखंड आणि काचेचे करून घेतले, हे लक्षात आले की त्या छताकडे पाहण्याची तऱ्हा बदलते. गर्दीत बहुतेकांची नजर समोरच्या माणसाच्या पाठीवर किंवा हातातल्या फोनवर असते. छताकडे फारच थोडे पाहतात. वाटेच्या कडेला भिंतीला टेकून उभे राहावे, मागच्यांना पुढे जाऊ द्यावे आणि मान वर करावी. उन्हे वर आली, की काचांचा रंग खाली उतरतो, म्हणून ढगाळ दिवसापेक्षा उन्हाचा दिवस येथे अधिक देतो.

याच दालनाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची मोठी तैलचित्रे ओळीने लावलेली आहेत. छायाचित्रांचा आधार घेऊन म्हैसूरच्या चित्रकारांनी ती रंगवली. मला संपूर्ण राजवाड्यात ही चित्रे सर्वाधिक वाचनीय वाटतात. घोडदळ, पायदळ, वाजंत्री, हत्ती, गच्चीतून डोकावणाऱ्या बायका, पोशाखांतील आणि पगड्यांतील फरक, असे एका राज्याचे सगळे थर त्यांत क्रमाने येतात. मुलांना या चित्रांत हत्ती मोजायला सांगावे. ती शांतही राहतात आणि पाहतातही. आपल्याकडे विजयादशमीला गावाच्या शिवेवर जाऊन शमीचे पूजन करतात, त्याचेच राजेशाही रूप म्हणजे ही मिरवणूक. राजवाड्यातून निघून ती शमीपूजनासाठी बन्नीमंटपाकडे जात असे आणि आजही तिकडेच जाते. आजीला हे सांगितले, की म्हैसूरचा दसरा परका राहत नाही.

त्यापुढची व्यक्तिचित्रे, चांदीचे व काचेचे फर्निचर, मानपत्रांच्या पेट्या यांसमोरून चालत राहिले तरी चालते. मानपत्रांच्या चंदनी आणि हस्तिदंती पेट्यांवरील कोरीव काम पाहण्याजोगे आहे, परंतु अरुंद जागेमुळे तेथे कोणी कोणाला उभे राहू देत नाही. मग जिना येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी कठड्याच्या बाजूने, सावकाश, सोबतीला एक तरुण घेऊन चढावे. मागच्यांच्या कुरकुरीकडे लक्ष देऊ नये.

वरचा सार्वजनिक दरबार हे विसाव्याचे ठिकाण आहे. दीडशे फुटांहून लांब असलेले हे सभागृह पूर्वेकडे पूर्णपणे उघडे असल्यामुळे वारा आणि प्रकाश भरपूर असतो, आणि आतल्या कोंदट वाटेनंतर माणसाला हायसे वाटते. रंगीत खांबांच्या रांगा एका टोकाला उभे राहून पाहाव्यात. समोरच्या पटांगणात जमलेल्या प्रजेला राजाचे दर्शन येथून होई. तेव्हा आपण उभे आहोत ती राजाची बाजू आहे आणि खाली फोटो काढणारे लोक प्रजेच्या जागी आहेत. यानंतरचा अंबाविलास म्हणजे खासगी दरबार. त्याची चांदीची दारे आणि शिसवी दारांवरचे हस्तिदंती जडावकाम यांसाठी नजर खांद्याच्या उंचीवर ठेवावी. बाकीचे लोक झुंबरांकडे पाहत असतात, त्यामुळे दारांपाशी जागा मिळते.

वाटाड्या घ्यावा की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गर्दीच्या दिवशी वाटाड्याचा आवाज ऐकू येत नाही आणि त्यालाही पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते, त्यामुळे मी तरी घेत नाही. सीमाभागातील आपल्या घरांत कन्नड वाचता येणारे एखादे मूल असतेच. फलकांवरील मजकूर त्याने वाचावा आणि खानापूरकडच्या ज्या आजींना कन्नड येत नाही, त्यांना मराठीत सांगावा. छायाचित्रांबाबतचे नियम दाराशी लावलेल्या फलकावर पाहून तंतोतंत पाळावेत.

रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास होते, आणि दसऱ्यात ती रोज असते. सुमारे ९७ हजार दिवे एकाच क्षणी लागतात. अर्धा तास आधी जाऊन पूर्वेकडील पटांगणात मध्यभागापासून थोडे मागे उभे राहावे. अगदी जवळ गेल्यास इमारत नजरेत मावत नाही. दिवे लागताच सर्वांचे फोन वर जातात, म्हणून लहान मुलांना त्या आधीच खांद्यावर घ्यावे.

सोमवारी साडेअकरापर्यंत राजवाडा पाहून झाला, तर उरलेला वेळ जगनमोहन राजवाड्याला द्यावा. तो पश्चिमेला, चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे आणि तेथे गर्दी पुष्कळच कमी असते. १८६१ मध्ये तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी बांधलेल्या या वास्तूत आता कलादालन आहे. राजा रविवर्म्यांची चित्रे येथे आहेतच. परंतु हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जे चित्र दिनदर्शिकांमुळे घरोघर पोहोचले आणि जे अनेक जण रविवर्म्यांचेच समजतात, ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. आपल्या आंबोली घाटाखालच्या गावचा हा चित्रकार. समोर उभी आहे ती त्यांची कन्या, आणि माध्यम तैलरंग नसून जलरंग आहे. पडदे लावून अंधार केलेल्या खोलीत ते ठेवलेले आहे. तेथे गेल्यावर आधी दारातून, मग जवळून पाहावे, आणि चेहऱ्यावर पडलेल्या उजेडासाठी कागद किती कोरा राखला आहे, हे मुलांना शोधायला सांगावे. जेवण मात्र तेथून बाहेर पडल्यावरच करावे, कारण जेवून आलेल्या मंडळींना त्या खोलीतला अंधार पाहण्यापेक्षा डुलकीसाठी अधिक सोयीचा वाटतो.