तुम्ही विचारलेत म्हणून: गाडीच्या काचांचे काम मी घरी का करते

सुट्टीच्या दिवशी दाराचे पॅड काढून गाडी अंगणात उभी दिसली की विचारणा होते. ‘बाई, हे काम गॅरेजला का देत नाही?’ असे शेजारी विचारतात, ‘इतक्या जुन्या गाडीच्या पॉवर विंडोवर एवढा वेळ कशासाठी?’ असे शाळेतले सहकारी विचारतात, आणि ‘हे बाईमाणसाचे काम आहे का?’ असे नातेवाईक तोंडावर नसले तरी पाठीमागे विचारतात. आतापर्यंत मी ‘जमते म्हणून करते’ एवढेच उत्तर देत आले. ते खरे असले तरी पुरे नव्हते, म्हणून आज सगळे लिहिते आहे.

हे पैसे वाचवण्यासाठी नाही, हे आधी सांगते. मल्टीमीटर, क्रिम्पिंगचे पक्कड, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या, चांगली वायर आणि सिलिकॉनचा फवारा यांवर झालेला खर्च मोजला, तर गॅरेजचे बिल त्याहून फार मोठे निघाले नसते.

माझ्या गाडीची पुढची डावी काच कधी चालायची, कधी चालायची नाही. गॅरेजमध्ये आधी मोटर बदलली, मग स्विच बदलला. दोन्ही वेळा गाडी हातात आली तेव्हा काच छान वरखाली होत होती आणि काही आठवड्यांनी पुन्हा अडकली. तपासणीची पद्धत मी शेजारी उभी राहून पाहिली होती: मोटरीची जोडणी सोडवायची, तिथे बारीक एलईडीचा टेस्टर लावायचा आणि तो पेटला की ‘सप्लाय येतोय, मोटर गेली’ असे सांगायचे. या पद्धतीतली त्रुटी मला नंतर कळली. त्या टेस्टरला इतका क्षुल्लक प्रवाह लागतो की वायरीतली तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी तो पेटतो. मोटरीला मात्र काही अँपिअर लागतात आणि काच रबरात अडली की ही मागणी कितीतरी वाढते. एक तार तेवढा भार वाहू शकत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कराडला झाली होती आणि जुलै महिन्यात मी तिला घेऊन चिपळूणला परत येत होते. डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीने बसवलेली होती. पाटण गेले, कोयनानगर गेले, हेळवाक मागे पडले, तोपर्यंत पाऊस भुरभुरत होता. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर आईला मळमळू लागले, म्हणून तिने स्वतःच काच अर्धी खाली केली. दोन वळणे गेली नाहीत तोच पावसाने धरले आणि काच वर येईना. तिच्या दारावरचे बटण दाबून झाले, माझ्या बाजूचे दाबून झाले. मोटरीचा साधा ‘टक’ असा आवाजसुद्धा आला नाही. वारा दरीकडून थेट तिच्या बाजूने येत होता. तिने पदर दुहेरी करून डोळ्यापुढे धरला, तो भिजला, मग मी माझी ओढणी दिली, तीही भिजली.

गाडी कडेला घेण्याइतकी रुंद जागा मिळेपर्यंत मला चालवावीच लागली. थांबल्यावर औषधांची प्लास्टिकची पिशवी फाडून ती खिडकीच्या चौकटीवर अडकवावी, म्हणून मी तिचे दार उघडले. ‘खिडकीचं राहू दे, तू आधी आत ये, भिजतेस,’ असे ती म्हणत होती आणि तरीही तिचे बोट बटणावरच होते. दार अर्धे उघडले असताना मोटर एकदम खरखरली आणि काच बोटभर वर सरकली. मी दार आणखी उघडले तर ती थांबली. मी दार हळूहळू मागे आणले, एका ठरावीक कोनात ती पुन्हा चालली. मग मी दार त्या कोनात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले, आईला बटण सोडू नकोस म्हणून सांगितले आणि काच रखडत रखडत वरच्या रबरात जाऊन बसली. या सगळ्या वेळात दार उघडेच होते आणि पाऊस तिच्या अंगावर येतच होता.

पुढच्या आठवड्यात तिचा डोळा लाल झाला. पुन्हा कराड, पुन्हा तोच घाट, थेंब बदलले, वाढवले. डोळा पुढे बरा झाला. पावसाच्या पाण्यामुळेच झाले असे म्हणता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि ते योग्यच बोलले असतील. पण ज्या रात्री ती डोळा दुखतो म्हणून उठून बसायची, त्या रात्री मला घाटातले ते दार आठवायचे आणि बदललेली मोटर आठवायची, जिच्यात मुळात काहीच बिघाड नव्हता.

दाराच्या कोनाप्रमाणे मोटर चालते आणि थांबते, याचा अर्थ दार उघडताना जे वाकते तिथेच काहीतरी तुटलेले आहे. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये काळा रबरी बूट, म्हणजे नळीसारखे आवरण, असतो, त्यातून दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी जातात आणि दाराच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्या तिथे वाकतात. घरी मी जोडणी न सोडवता, तिच्या पाठीमागून टाचणी घालून, बटण दाबलेले असताना व्होल्टेज मोजले. 12 व्होल्टच्या जागी आकडा 4 च्याही खाली गेला. बूट सोडवून वायरी बाहेर ओढल्या तर एकही तुटलेली दिसेना. मग एकेक वायर दोन बोटांत धरून ताणली आणि त्यांतली जाड वायर चक्क लांबली. वरचे वेष्टन शाबूत होते, आतले तांबे तुटले होते.

तुटलेला तुकडा काढून मी गाडीसाठीचीच, बारीक तारांची लवचीक वायर घातली. घरातल्या वायरिंगची वायर इथे घालू नये, तिच्या जाड तारा वाकून वाकून लवकर तुटतात. सांधे बुटाच्या आत ठेवले नाहीत, कारण सांधा कडक असतो आणि त्याच्या कडेलाच पुढची चीर पडते.

गॅरेजवाले सगळेच असे असतात असे मी म्हणत नाही. रांगेत दहा गाड्या उभ्या असताना बूट सोडवून एकेक वायर ताणून पाहण्याएवढा वेळ त्यांनी कुठून आणावा? आधीची मी अशी होते की वायरिंग हे अनुभवी माणसाचे काम आहे, आपण हात घालू नये, असे मानायचे. तिला मी मूर्ख ठरवत नाही. विश्वास टाकणे हाही शहाणपणाचाच भाग असतो. पण ओम्‌चा नियम मुलांना फळ्यावर शिकवणाऱ्या बाईने तो स्वतःच्या गाडीच्या दाराला लावून पाहू नये, हे मला आता पटत नाही, आणि या दोन म्हणण्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

एकदा दार उघडल्यावर बाकीचेही दिसू लागले. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, त्या खाचेत धूळ आणि जुन्या काळ्या फिल्मचा चिकट थर बसला होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या फिल्मना मनाई केल्यावर ती फिल्म घाईने ओरबाडून काढलेली होती. तो थर पुसून सिलिकॉन मारल्यावर काच किती हलकी झाली, हे हाताला जाणवते. इथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते. दाराच्या आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागदही आधीच्या दुरुस्तीत फाडून टाकलेला होता. तो नसला की काचेवरून दारात उतरणारे पाणी तळाच्या भोकांतून न जाता पॅडमध्ये मुरते, आणि कोकणात पाणी मुरायला चार महिने मिळतात. तो मी नवीन कापून चिकटवला. काचेचे मशीन, म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा, सोडवण्याआधी काच वर ओढून चौकटीला चिकटपट्टीने पक्की बांधावी आणि बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, एवढे मात्र प्रत्येकाला कळवळून सांगते, कारण सुटलेली काच बोटांवर येते.

मग रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, बसवले. मोटरीचा सगळा प्रवाह स्विचच्या छोट्या टिकल्यांमधून नेण्याऐवजी बॅटरीपासून फ्यूज लावलेली स्वतंत्र वायर आणली आणि प्रत्येक मोटरीला दोन पाच-पिनी रिले दिले. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. काच पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वेगाने चढते.

हे पाहून भाच्याचा आग्रह सुरू झाला की एका स्पर्शात काच आपोआप वर जाणारे सर्किटही बसव. मी बसवले नाही आणि बसवणार नाही. युरोपातल्या नियमांनुसार आपोआप चढणारी काच 200 ते 4 मिलिमीटरच्या फटीत 100 न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण दहा किलो वजनाच्या भारापेक्षा, जास्त दाबाने कशालाही चिमटू शकत नाही, तिला त्याआधी मागे फिरावेच लागते. बाजारातल्या स्वस्त सर्किटांपैकी कितीतरी केवळ ठरावीक वेळ मोटर चालू ठेवतात. मध्ये लहान मुलाची मान आहे की रबर, हे त्यांना समजत नाही. आणि मी तर रिले लावून मोटरीचा जोर वाढवून बसले आहे.

मागच्या दारांना मात्र अजून हाताने फिरवायचे हँडल आहे, त्यावरून घरात वाद आहे. पॉवर विंडोचा किट आणलेला आहे. आई म्हणते की म्हातारपणी मनगटाने ते हँडल फिरत नाही. तिचे खरे आहे. पण 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर मी शेजाऱ्यांच्या गाड्यांची दारे उघडली आहेत. मोटरीपर्यंत गाळ भरलेला होता, जोडण्या हिरव्या पडल्या होत्या. ज्या गावात पाणी असे चढते, त्या गावातल्या गाडीत एक तरी काच विजेशिवाय उघडणारी असावी, असे मला वाटते. डावीकडे किट आणि उजवीकडे हँडल, असा मध्यममार्ग भाच्याने सुचवला आहे. मागे बसली की आई नेहमी डावीकडेच बसते, म्हणून तो सोयीचा आहे. आणि आई नेहमी डावीकडेच बसते, म्हणूनच तो मला मान्य होत नाही.