सांगलीत पत्रकारितेची पदवी आणि अडकलेली पात्रता: माझा अनुभव

बारावी महाराष्ट्र बोर्डाची नसेल आणि सांगलीत बीए पत्रकारिता व जनसंवादाला प्रवेश घेत असाल, तर स्टुडिओ कसा आहे, कॅमेरे किती आहेत, हे नंतर विचारा. आधी पात्रतेचं विचारा, म्हणजे दुसऱ्या बोर्डाची बारावी विद्यापीठाने तपासून मान्य केली का ते. प्रवेश मिळाला, फी भरली, ओळखपत्र गळ्यात आलं की आपण विद्यार्थी झालो असं वाटतं. तसं नसतं. विद्यापीठ पात्रता मंजूर करत नाही तोवर तो प्रवेश तात्पुरता असतो आणि प्रवेशाच्या खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. माझं प्रकरण मिटून बरेच दिवस झाले, तरी कॉलेजच्या ऑफिसपुढून जाताना अजून डोकं तापतं.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागातली. घरात मराठी, बाजारात कन्नड. दहावी गावात मराठी माध्यमातून झाली आणि पुढची दोन वर्षं मी विजयपूरला मामाकडे राहून शिकले. म्हणजे बारावी कर्नाटक बोर्डाची, तिकडची सेकंड पीयूसी. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांबद्दल विधान केलं आणि एका रात्रीत आमच्या भागात वाहिन्यांच्या गाड्या लागल्या. मी तेव्हा गावी आले होते. प्रत्येक जण पारावर माइक धरून एकच विचारत होता, तुम्हाला कर्नाटकात जायचंय का? म्हैसाळ योजनेचं पाणी कुठपर्यंत पोचलंय, टँकर किती दिवसांनी येतो, हे फारसं कुणी विचारलंच नाही. हे प्रश्न आपण विचारायचे असं मी तेव्हाच ठरवलं. वडिलांना वाटत होतं मी डीएड करावं. आईने मात्र माझी बाजू लावून धरली आणि 2024 ला मी सांगलीत आले.

प्रवेश, हॉस्टेल, पहिलं सत्र, सगळं सुरळीत झालं. टेंभू म्हटलं की आमच्याकडे उपसा सिंचन योजनाच आठवते. केसरीचे पहिले संपादक आगरकर त्याच गावचे, हे मला पहिल्या सत्रात कळलं आणि फार बरं वाटलं. 6 जानेवारीला दर्पण दिन, म्हणजे पत्रकार दिन, केला, आकाशवाणीच्या सांगली केंद्रात जाऊन आलो, युनिकोडबरोबर श्रीलिपी ही मराठी टायपिंगची जुनी फाँट पद्धतही शिकलो. श्रीलिपीकडे दुर्लक्ष करू नका. जिल्ह्यातल्या कितीतरी छापखान्यांत आणि डेस्कवर अजून त्यातच काम चालतं.

मग पहिल्या सत्राचा निकाल लागला. वर्गातल्या मुलांच्या नावापुढे श्रेणी आली आणि माझ्यापुढे आलं: निकाल राखीव, पात्रता प्रलंबित.

मी मूळ मायग्रेशन (बोर्ड बदलताना जुनं बोर्ड देतं तो स्थलांतर दाखला), बारावीची गुणपत्रिका, टीसी आणि पात्रता शुल्काची पावती, सगळं प्रवेशाच्या वेळीच जमा केलं होतं. त्यामुळे किरकोळ काहीतरी असेल म्हणून ऑफिसात गेले. खिडकीतले सर मान वर न करता म्हणाले, "तुझं गेलंय की गं विद्यापीठाला. येईल." विद्यापीठात फोन लावला तर तिथून उत्तर आलं, "तुमच्या कॉलेजची इतर बोर्डांची यादी आलेलीच नाही. कॉलेजला विचारा." पुन्हा खिडकी. "आम्ही पाठवलंय. त्यांना सापडत नसेल." पुन्हा फोन. "आलं असतं तर ऑनलाइन दिसलं असतं." दोन्हीकडची माणसं तेवढ्याच खात्रीने बोलत होती आणि दोघांच्या मध्ये माझं मूळ मायग्रेशन कुठेतरी पडलेलं होतं.

हे असंच महिनोन्महिने चाललं. सर रजेवर, सर परीक्षेच्या कामात, सर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींत, मग उन्हाळी सुट्टी. दुसऱ्या सत्राचा निकालही राखीव. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते आणि माझ्याकडे गुणपत्रिकाच नाही. मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, दोनदा ऑफिसात शब्द टाकला. त्यांनाही तेच ऐकवलं गेलं. घरून फोन आला की बाबा विचारायचे, "नक्की पास झालीयस ना गं?" त्या प्रश्नाचा मला जेवढा त्रास झाला, तेवढा खिडकीवरच्या कुठल्याही उत्तराचा झाला नाही. अभ्यास केलेला, पेपर चांगले गेलेले आणि दाखवायला कागद नाही.

एक सांगते. त्या खिडकीतल्या माणसाकडे प्रवेश, परीक्षा अर्ज आणि शिष्यवृत्ती अशी तीन टेबलं होती. अनुदानित कॉलेजांत शिक्षकेतर पदं रिकामी पडलीत हे खरंच आहे. पण माहीत नसताना "गेलंय" म्हणून सांगणं, हे काही कामाच्या ओझ्यामुळे होत नाही. "बघून सांगतो" म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो.

याच काळात माध्यम कायद्याचा पेपर सुरू झाला. शिकवायला तासिका तत्त्वावर एक वकील सर यायचे. छापील नोट्समध्ये बदनामीला कलम 499 आणि 500 होतं. ते त्यांनी पहिल्याच तासाला आम्हाला खोडायला लावलं आणि वर भारतीय न्याय संहितेचं 356 लिहायला लावलं. नंतर माहिती अधिकार आला. सर म्हणाले, बातमीदाराला "पाठवलंय" चालत नाही. कोणी, कधी, कशाने, कोणाकडे, हे विचारायचं आणि त्याचा कागद बघायचा. मी तास संपल्यावर थांबले आणि माझं प्रकरण त्यांना सांगितलं. त्यांनी अर्ज लिहून दिला नाही. म्हणाले, "तूच लिही, मी बघतो."

पहिला मसुदा मी तावातावाने लिहिला होता: माझी पात्रता का अडकली, जबाबदार कोण. सरांनी त्यावर आडवी रेघ मारली. 2005 च्या कायद्याखाली जे कागदावर आहे ते मागता येतं. "का" विचारलं की उत्तर टाळायला वाट मिळते. म्हणून मी एवढंच मागितलं: पात्रता प्रकरणं विद्यापीठाकडे पाठवल्याची जावक नोंदवहीतली नोंद, सोबतच्या यादीची प्रत, विद्यापीठाची पोच आणि या नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नसते आणि कुणी विचारलंच तर कलम 6(2) दाखवायचं. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मला "ठेवून जा, नंतर देतो" म्हणाले. मी म्हटलं, "थांबते सर, काही घाई नाही." आणि थांबले. शेवटी मामांनी आतून शिक्का आणून दिला. आमच्याकडे शिपायांना सगळी मुलं मामाच म्हणतात, आणि त्या ऑफिसात माझ्याशी नीट बोलले ते एवढे एकच.

मुदत संपत आली तेव्हा पाहणीसाठी बोलावणं आलं. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, तेवढा पुरला. अधीक्षकांच्या टेबलावर जावक नोंदवही ठेवलेली, लाल कापडी पाठीची, कडा हाताळून काळ्या पडलेल्या. मी एकेक ओळ वाचत गेले. प्रत्येक ओळीत क्रमांक, तारीख, विषय, कोणाकडे आणि शेवटच्या रकान्यात स्पीड पोस्टचा नंबर नाहीतर हाती पोचवल्याचा शेरा. आमची ओळ सापडली: "इतर बोर्ड पात्रता प्रकरणे, यादीसह." क्रमांक होता, तारीख होती. शेवटचा रकाना कोरा होता. त्या अख्ख्या पानावर तेवढा एकच.

मी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाही. अधीक्षकांनी चष्मा लावून बघितलं, खिडकीतल्या सरांना आत बोलावलं आणि कपाट उघडायला लावलं. खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपत्रकांखाली, कापडी अस्तराचं पिवळं पाकीट होतं. विद्यापीठाचा पत्ता टाइप केलेला, पाकीट बंद केलेलं. आत माझं मायग्रेशन होतं. माझ्यासोबत कागवाडच्या एका मुलाचं, सीबीएसईच्या एका मुलीचं, आणखी काही जणांचं. यादीतल्या एकाच्या शुल्काचं चलन जोडायचं राहिलं होतं. ते आल्यावर पाठवू म्हणून सगळा गठ्ठा बाजूला ठेवला गेला, आणि जावक नोंद तोवर करून झाली होती. म्हणून प्रत्येक वेळी वहीतली नोंद बघून "गेलंय" म्हणायचे.

कुणी माफी मागितली नाही. पण त्याच आठवड्यात कॉलेजचा माणूस गठ्ठा घेऊन स्वतः गेला आणि पोच घेऊन आला. पुढे विद्यापीठाने फार वेळ घेतला नाही. दोन्ही सत्रांचे निकाल एकदमच उघडले. सगळे विषय सुटलेले आणि मराठी पत्रकारितेच्या इतिहासात वर्गात पहिली. गुणपत्रिकेचा फोटो बाबांना पाठवला तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर एकटी रडले, आणि ते रडणं सुखाचं होतं. कागवाडच्या मुलाने मला मिठाई दिली. त्याने तर वर्ष गेलं असं धरून गावी जायची तयारी केली होती.

आता जे जे आठवतंय ते सांगते.

मूळ मायग्रेशन देण्याआधी त्याचा रंगीत स्कॅन डिजिलॉकरमध्ये नाहीतर मेलवर ठेवा. ते हरवलं तर दुसरं काढायला पुन्हा त्या बोर्डाच्या दारात जावं लागतं. कर्नाटकाच्या टीसीवर काही कन्नडमध्ये हाताने लिहिलेलं असेल तर कॉलेज सोडतानाच ते इंग्रजीत करून घ्या. एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, काढताना आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय ना ते बघा. तिकडे आडनावाऐवजी आद्याक्षर असतं, आपल्याकडे तिहेरी नाव, आणि श्रेयांक जमा व्हायला त्यामुळे अडचण येते. दिवाळीच्या आधी एकदा ऑफिसात जाऊन जावक क्रमांक आणि पोच, दोन्ही विचारा. नुसता क्रमांक पुरत नाही, हे मी वर सांगितलंच.

माहिती अधिकाराचा अर्ज केला म्हणून पुढे त्रास देतील का, असं मला ज्युनिअर मुली विचारतात. मला तरी दिला नाही. उलट त्यानंतर खिडकीवर मला नावाने ओळखायला लागले. भाषा नम्र ठेवा आणि मागणी नेमकी ठेवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील असतं, तेही जमतं.

कॅमेरा घ्यायची घाई करू नका. पहिली दोन वर्षं फोन, कॉलरला लावायचा माइक आणि बरा ट्रायपॉड एवढ्यावर निघतात. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, फक्त लॅपटॉप दणकट लागतो, म्हणून विभागातली मशीनं संध्याकाळी वापरा.

इंटर्नशिप मी एका दैनिकाच्या सांगली कार्यालयात केली. पावसाळा होता. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "कृष्णेच्या पातळीत मोठी वाढ." डेस्कवरच्या काकांनी कॉपी परत दिली. "मोठी म्हणजे किती? आयर्विनला किती फूट? किती वाजताची नोंद? कोणी सांगितलं?" आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी, आणि 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं, हे सांगलीत लहान पोरालाही पाठ असतं. तिथे "मोठी वाढ" लिहून भागत नाही, लोक त्या आकड्यावर सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरवतात. मी पाटबंधारेच्या नियंत्रण कक्षाला फोन केला, वेळेसकट फूट-इंच घेतले, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय तेही विचारलं, मग बातमी पुन्हा लिहिली. ती लागली. वर नाव नव्हतं, पण आकडा माझा होता.

त्या इंटर्नशिपचं, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ओजेटीचं (ऑन जॉब ट्रेनिंग), एक राहिलंच. आमच्याकडे त्याला 4 श्रेयांक आहेत आणि 120 तास भरावे लागतात. दैनिकाची कार्यालयं सवयीने "एक महिना काम केले" असं पत्र देतात आणि कॉलेज ते परत पाठवतं. पत्रावर तारखा, एकूण तास, कोणत्या विभागात काम केलं ते, आणि गोल शिक्का मागून घ्या. संपादक गावात असतील तेव्हाच मागा. गणपतीत नाहीतर निवडणुकीत गेलात तर सहीला कुणी सापडत नाही.