रेटिंगची वही: ७७-३ चं काय करायचं?

मंडळी, ३४४ आले!

मागच्या नोंदीत रडलो होतो ते आठवत असेल. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या संघांना मी गुणफरकावरून रेटिंग देतो, आणि इंडियाना विद्यापीठाच्या संघाची २०२४ च्या रेग्युलर सीझनची (प्लेऑफआधीच्या बारा सामन्यांची) गुणफरकाची बेरीज माझ्या तक्त्यात २७० येत होती. हाताने, पाठकोऱ्या कागदावर मांडली तर केलेले गुण ५२० वजा दिलेले १७६, म्हणजे ३४४. दोन आठवडे मी सॉल्व्हर, म्हणजे रेटिंगची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, उसवत बसलो. रिजचा (रेटिंगला आवर घालणारा) आकडा बदलून पाहिला, घरच्या मैदानाचे अडीच गुण काढून पाहिले, एकदा तर मॅट्रिक्सच नव्याने लिहिला. ढिम्म फरक नाही.

शेवटी रविवारी सकाळी चहा घेताना उगीच वजाबाकी केली. ३४४ वजा २७० म्हणजे ७४. आणि ७४ म्हणजे ७७-३. वेस्टर्न इलिनॉयला धुतलं तो सामना!

सामना फाइलमध्ये होता. पण मी संघांची यादी फक्त एफबीएसची, म्हणजे वरच्या गटाची, घेतली होती, त्यामुळे जोडणी करताना एफसीएसचे, म्हणजे वेस्टर्न इलिनॉयसारख्या खालच्या गटातल्या संघांचे, सगळे सामने गुपचूप गळाले. ना एरर, ना वॉर्निंग. इंडियाना ११-१ (अकरा विजय, एक हार) ऐवजी १०-१ दिसत होती आणि ते माझ्या डोळ्यांना दोन आठवडे खुपलं नाही. गणित चोख, यादी फाटकी.

जुन्या लोकांना यात एक गंमत दिसेल. बीसीएस म्हणजे विजेतेपदाच्या सामन्याचे संघ ठरवणारी तेव्हाची क्रमवारी, आणि वेस्ली कॉलीचं कॉम्प्युटर रेटिंग तिचा एक भाग. २०१० च्या शेवटच्या यादीत कॉलीच्या गणनेतून एक एफसीएस सामना राहून गेला होता. बीसीएसचा हिशोब ठेवणाऱ्या जेरी पामने तो शोधून काढला आणि एलएसयू व बॉयसी स्टेट यांची दहाव्या-अकराव्या जागेची अदलाबदल झाली. राहिलेला सामना कुठला? ॲपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय. या कॉलेजने रेटिंगवाल्यांना छळायचा विडाच उचलला असावा.

डेटाबद्दल एक सांगतो. सीएफबीडी (कॉलेज फुटबॉल डेटा) या साइटवरून आकडे उतरवायची की फुकट मिळते आणि माझ्यासारख्याला ती पुरून उरते. मध्यंतरी मोहात पडून एका विकतच्या फीडची महिन्याची वर्गणी भरली होती. त्यात फ्लोरिडाचं मायामी आणि ओहायोचं मायामी एकाच नावाखाली! पैसे गेले ते गेले. सॅन होझे (José) स्टेटच्या 'ई'वरची मात्रा तर कुठल्याही फाइलमध्ये तुम्हाला एकदा रडवणारच. नावांची एक स्वतंत्र फाइल करून ठेवा, बाकी सगळं नंतर.

तर बेरीज जुळली. आता खरं दुखणं.

३४४ भागिले १२ म्हणजे सामन्यामागे २८.७. ओहायो स्टेटचं त्याच बारा सामन्यांचं गणित ४२६ वजा १३१, म्हणजे २९५, सरासरी २४.६. थोडक्यात कच्च्या फरकावर इंडियाना वरचढ. ज्या ओहायो स्टेटने तिला ३८-१५ असं धुतलं आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपद नेलं, तिच्यापेक्षा वरचढ! मी ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे इंडियानातच, शिकलोय, २०२१ चा २-१० चा हंगाम स्टँडमध्ये कुडकुडत पाहिलाय, त्यामुळे मला हे वाचून गुदगुल्या झाल्या. पण खोटं ते खोटंच.

उघड उपाय म्हणजे कॅप. अठ्ठावीसच्या वरचा फरक अठ्ठावीसच धरायचा. केलं. ओहायो स्टेट १८.५, इंडियाना १८.२५. वा, म्हटलं, जमलं. मग सहज कॅप ३५ करून पाहिली. इंडियाना २१.२५, ओहायो स्टेट २१.०८. उलटलं! २४ केली तर पुन्हा ओहायो स्टेट पाव गुणाने पुढे. म्हणजे हंगामभर बारा-बारा सामने खेळून वर कोण, हे ठरवणार मी, पुण्यात बसून, एका आकड्यावर बोट ठेवून. लॉगरिदम लावून पाहिला, तर इंडियाना सरळ पुढे, कारण लॉगमध्ये ७४ दबतात तसे ओहायो स्टेटचे मोठे विजयही दबतात आणि त्यांच्या दोन निसटत्या हारांचं वजन वाढतं.

२००२ मध्ये बीसीएसवाल्यांनी कॉम्प्युटर रेटिंगमधून गुणफरक हद्दपारच केला होता. तेव्हा आपण सगळे नाकं मुरडायचो. आता थोडी सहानुभूती वाटते. पण फक्त जय-पराजयावर कॉलीचा सुरुवातीचा आकडा (विजय अधिक एक, भागिले सामने अधिक दोन) काढला तर इंडियानाच्या ११-१ ला चौदात बारा, म्हणजे ०.८५७, आणि ओहायो स्टेटच्या १०-२ ला ०.७८६. तिथेही इंडियानाच. प्रतिस्पर्ध्यांची दुरुस्ती नंतर लागते हे मान्य, पण चढ मोठा आहे.

'वेळापत्रक सोपं होतं' हे आपल्यातल्या काही जणांचं ठरलेलं उत्तर. म्हणून समान प्रतिस्पर्धी काढले. मिशिगन स्टेट, पर्ड्यू, नेब्रास्का, नॉर्थवेस्टर्न, मिशिगन. इंडियानाचे फरक ३७, ६६, ४९, १७, ५. ओहायो स्टेटचे ३१, ४५, ४, २४ आणि मिशिगनशी उणे ३. सरासरी ३४.८ विरुद्ध २०.२. यजमानपणाचं निमित्तही चालत नाही. मिशिगन स्टेट आणि नॉर्थवेस्टर्न दोघांनाही बाहेर, बाकी तिघे दोघांनाही घरी. नेब्रास्काचं तर पाहा ना: १९ ऑक्टोबरला ब्लूमिंग्टनमध्ये ५६-७ असा चेंदामेंदा, आणि पुढच्याच शनिवारी कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला त्याच संघाने २१-१७ पर्यंत घाम फोडला.

मग २३ नोव्हेंबरला समोरासमोर २३ गुणांनी हार कशी? माझं रेटिंग लीस्ट स्क्वेअर्सचं, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं; त्याला हे गिळताच येत नाही. पाच समान संघ एकीकडे ओढतात, एक थेट सामना दुसरीकडे, आणि उरलेली सगळी चूक त्या एका सामन्याच्या माथी. तो मी इथे रात्री साडेदहाला लावला होता. पहिला टचडाउन आपला, घरच्यांना उठवण्याइतका ओरडलो. मग मध्यंतराच्या तोंडावर आमच्या पंटरच्या (चेंडू लाथेने दूर पाठवणाऱ्याच्या) हातून स्नॅप, म्हणजे त्याच्याकडे मागे फेकलेला चेंडू, निसटला, दुसऱ्या अर्धात त्यांनी आमचा पंट परत आणून थेट टचडाउन केला. स्पेशल टीम्सने, म्हणजे लाथेच्या खेळींच्या तुकडीने, घात केला. पण तक्त्याला काय, तो २३ च मोजतो.

इथपर्यंत लिहून काल रात्री झोपलो होतो. बेत असा होता की दहा हंगामांवर चाचणी घेऊन कॅप ठरवायची आणि पुढच्या नोंदीत आकडा जाहीर करायचा.

सकाळी इंडियानाचा नोटर डेमशी झालेला सामना आठवला आणि बेत बदलला. २० डिसेंबरचा, प्लेऑफची पहिली फेरी. तिथे शुक्रवारची रात्र, इथे शनिवारची सकाळ साडेसहाची. निकाल नोटर डेम २७, इंडियाना १७. वाचणाऱ्याला वाटेल, चुरस झाली असेल. कसली चुरस! २७-३ होतं, आणि शेवटच्या दीड मिनिटात इंडियानाचे दोन टचडाउन झाले. तोवर माझे पोहेही संपले होते. इथे कॅपचा उपयोग शून्य, फरक दहाच दिसतो.

म्हणून म्हटलं, अंतिम फरक सोडा, पूर्ण साठ मिनिटांच्या आघाडीची सरासरी घेऊ. दीड मिनिट म्हणजे साठातले अडीच टक्के, ते दोन टचडाउन आपोआप विरघळतात. नोटर डेम सुटलं! पण ७७-३? गुण सारख्या गतीने होत गेले तर सरासरी आघाडी अंतिम फरकाच्या निम्मी. ७४ चे ३७, १० चे ५. प्रमाण तेच, मोठा सामना तितकाच मोठा. बिल कॉनेली त्याच्या एसपी+ या रेटिंगमध्ये गाळतो तसा गार्बेज टाइम, म्हणजे निकाल ठरून गेल्यानंतरचा खेळ, गाळावा, तर तो कुठून सुरू हे पुन्हा मीच ठरवणार. कॅप मागच्या दाराने घरात!

त्यामुळे आता आघाडीऐवजी दर खेळीनंतरची जिंकण्याची शक्यता घेऊन तिची सरासरी काढतोय. ती शंभरावर थांबतेच, माझ्या बोटाची गरज नाही. ३५-० आणि ७०-० तिथे जवळपास एकच. नवं काही नाही, ईएसपीएनचं 'गेम कंट्रोल' याच घराण्यातलं. पण त्यांचा तयार आकडा मला नकोय, आतलं मॉडेल मला दिसत नाही.

लिहिता लिहिता आणखी एक अडचण सुचली. ३० नोव्हेंबरला मिशिगनने ओहायो स्टेटला १३-१० हरवलं तो सामना. शेवटचं मिनिट उरेपर्यंत बरोबरी, आणि ओहायो स्टेट जवळपास वीस गुणांनी फेव्हरिट, म्हणजे बरोबरीतही जिंकण्याची शक्यता त्यांचीच जास्त. माझ्या नव्या मापात हा सामना त्यांच्या खात्यात छान दिसणार, आणि ते हरलेत! तेव्हा रकाने दोन करावेच लागतील. संघ किती चांगला हा एक, त्याने कमावलं काय हा दुसरा. प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीने ओहायो स्टेटला सहावं आणि इंडियानाला आठवं ठेवलं ते कुठल्या रकान्यावरून, यावर तुमचं भांडण चालू द्या, मी वाचतोय.

खेळीनिहाय फाइल उतरतेय. आधी एकच सामना चालवणार, वेस्टर्न इलिनॉयचा. आणि या खेपेला तो यादीत आहे का, ते आधी बघणार.